डिस्कचा आकार स्क्रिप्टमधून कसा काढावा

समजा, शहाद्याच्या एखाद्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत वेगवेगळ्या वर्षी घेतलेले संगणक आहेत आणि एका डिस्कची हुबेहूब प्रत दुसरीवर उतरवणारी स्क्रिप्ट तुम्हाला लिहायची आहे. दुसरी डिस्क काही सेक्टरांनी (डिस्कवरील साठवणीच्या ठरावीक आकाराच्या तुकड्यांनी) जरी लहान निघाली, तरी प्रत अपुरी राहते. त्यामुळे दोन्हींचा आकार बाइटमध्ये, नेमका मिळायला हवा. (पुढील कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टाइप करताना त्या रोमन लिपीतच द्याव्यात.)

पुष्कळ जणांचा हात आधी ‘डीएफ’कडे जातो, पण ती कमांड डिस्कचा नव्हे, तर फाइलसिस्टिमचा, म्हणजे फाइल ठेवण्यासाठी डिस्कवर आखलेल्या रचनेचा आकार सांगते. सातबाऱ्यावरचे एकूण क्षेत्र विचारावे आणि कोणी कपाशीखालचे क्षेत्र सांगावे, तसा हा प्रकार आहे. शिवाय लिनक्सवर माउंट न केलेल्या (वापरासाठी न जोडलेल्या) डिस्कचे नाव दिल्यास ती ‘/डेव्ह’ (उपकरणांच्या नावांची डिरेक्टरी) ज्या फाइलसिस्टिमवर आहे तिचे आकडे देते आणि कोणतीही चूक दाखवत नाही, म्हणून स्क्रिप्टसाठी ती अधिकच घातक ठरते. डिस्कची यादी देणाऱ्या ‘एफडिस्क -एल’चे उत्तर माणसाने वाचण्यासाठी असते, ते कापून आकडा काढण्याच्या भानगडीत पडू नये.

लिनक्सवर रूट (सर्व अधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून ‘ब्लॉकडेव्ह --गेटसाइझ६४ /डेव्ह/एसडीए’ ही कमांड दिली की थेट बाइटची संख्या मिळते. १ टीबीच्या अनेक डिस्कवर ती १०००२०४८८६०१६ अशी दिसेल. हीच डिस्क १०२४च्या हिशेबात सुमारे ९३१ जीबी भरते, त्यामुळे तुलना नेहमी बाइटमध्येच करावी. रूटचे अधिकार नसतील, तर ‘/सिस/ब्लॉक/एसडीए/साइझ’ ही फाइल वाचून त्यातील संख्येला ५१२ने गुणावे. डिस्कचा सेक्टर ४०९६ बाइटचा असला, तरीही गुणक ५१२च राहतो, कारण कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) ही संख्या कायम त्याच एककात देतो. ‘ब्लॉकडेव्ह --गेटएसएस’ने मिळालेला सेक्टरचा आकार येथे वापरला, तर अशा डिस्कचे उत्तर आठपट येते. ‘एलएसबीएलके -बी -डी -एन -ओ साइझ’ हाही चांगला मार्ग आहे. मात्र ‘-डी’ विसरल्यास प्रत्येक पार्टिशनची (डिस्कच्या पाडलेल्या भागाची) ओळ सोबत येते आणि तुलना कोलमडते.

फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर ‘डिस्कइन्फो’च्या उत्तरातील तिसरा रकाना बाइटचा असतो. मॅकओएसवर ‘डिस्कयुटिल इन्फो -पीलिस्ट’ देऊन ‘टोटलसाइझ’ ही नोंद वाचावी.

मिळालेले उत्तर रिकामे नाही, त्यात केवळ अंक आहेत आणि ते शून्याहून मोठे आहे, एवढे तपासल्याशिवाय स्क्रिप्टने पुढे जाऊ नये. कार्ड नसलेला कार्डरीडर ‘/सिस’मध्ये शून्य आकार दाखवतो. ‘एसडीए’, ‘एसडीबी’ ही नावे संगणक पुन्हा सुरू केल्यावर बदलू शकतात, म्हणून डिस्क ‘/डेव्ह/डिस्क/बाय-आयडी’मधील नावाने निवडावी आणि ‘/सिस’साठी लागणारे छोटे नाव ‘रीडलिंक -एफ’ने त्यावरूनच काढावे.