पॅलिएटिव्ह सेडेशनची नियमावली कशी लिहावी

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारमधील एखाद्या रुग्णालयाला अंत्यकाळातील पॅलिएटिव्ह सेडेशनची, म्हणजे असह्य त्रास शमवण्यासाठी रुग्णाला औषधाने गुंगीत ठेवण्याची, नियमावली करायची असेल, तर रात्री दोन वाजता वॉर्डात एकट्या असलेल्या सिस्टरला ती उभ्याउभ्या वाचून वापरता यावी, अशा बेताने लिहावी.

आधी पात्रता ठरवावी. मृत्यू काही तासांवर किंवा फार तर दोन आठवड्यांवर आलेला आहे आणि धाप, वेदना किंवा भ्रमातली तगमग योग्य उपचारांनंतरही आटोक्यात येत नाही, अशाच रुग्णासाठी हा मार्ग आहे. मॉर्फिन पुरेसे वाढवलेलेच नसेल किंवा लघवी तुंबल्यामुळे रुग्ण तडफडत असेल, तर उपाय संपले असे म्हणता येत नाही. मॉर्फिन हे झोपेचे औषध नव्हे. पण वेदनेसाठी चालू असलेले मॉर्फिन सेडेशननंतरही बंद करू नये.

गुंगी आणणारे औषध मिडाझोलाम साधारणतः ताशी ०.५ ते १ मिलिग्रॅमने, शिरेतून किंवा त्वचेखालून सुरू करतात आणि त्रास शमेल तेवढेच वाढवतात. ते १ मिलीत १ आणि १ मिलीत ५ मिलिग्रॅम अशा दोन ताकदींत मिळते, आणि घाईत पाचपट डोस जाण्याची चूक इथेच होते. म्हणून औषध हळूहळू सोडणाऱ्या पंपाच्या सिरिंजमधले द्रावण नेहमी १ मिलीत १ मिलिग्रॅमचेच असावे; मग पंपावरचा ताशी मिलीचा आकडा हाच मिलिग्रॅममधला डोस ठरतो. वीज गेली आणि पंपाची बॅटरी उतरली तर काय करायचे, तेही त्याच पानावर हवे. युरोपियन असोसिएशन फॉर पॅलिएटिव्ह केअरच्या २००९ च्या आराखड्यानुसार पुरेशी गुंगी येईपर्यंत दर २० मिनिटांनी आणि पुढे दिवसातून किमान तीनदा रुग्णाला तपासावे.

संमतीपत्र मराठीत छापावे, समजावणे मात्र अहिराणीत किंवा भिलीत व्हावे. ‘इंजेक्शन दिधं नि गया’ ही नातेवाइकांची भीती खरी असते. म्हणून औषध त्रास शमवण्यासाठी आहे, मृत्यू आजाराने होणार आहे, हे सुरू करण्यापूर्वीच सांगावे. रुग्ण नंतर बहुधा बोलणार नाही, तेव्हा सुरतेला कामाला असलेल्या मुलाला आधीच फोन लावून द्यावा. व्हेंटिलेटर काढण्याचा निर्णय वेगळा आहे. त्याला सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालातील व २०२३ च्या सुधारणेतील वैद्यकीय मंडळांची प्रक्रिया लागू होते.

शेवटचा नियम पाण्याचा. उन्हाळ्यात घरच्यांना ‘तहानेने गेला’ ही रुखरुख लागते, पण गुंगीतल्या रुग्णाच्या तोंडात चमच्याने सोडलेले गंगाजलही श्वासनलिकेत उतरू शकते. त्यांच्या हाती ओला कापूस द्यावा आणि दर तासाला ओठ ओले करायला सांगावे.