जुन्या डिझेल जीपला थंडीत पुठ्ठ्याचा आडोसा

जानेवारीत निफाडकडे पारा कधी कधी ५-६ अंशांवर येतो आणि जुनी डिझेल जीप पहाटे नुसती खोकत बसते.

रात्री गाडी तोंड भिंतीकडे करून लावा. इंजिन कोमट असतानाच बॉनेटवर गोधडी टाका, गार झाल्यावर टाकून काय उपयोग! गोधडी बॉनेटच्या वरूनच. आत इंजिनावर कोंबायची नाही.

सकाळी ती काढा, चावी हीटरवर (म्हणजे इंजिन सुरू व्हायच्या आधी आतून तापवणाऱ्या ग्लो प्लगच्या खुणेवर) फिरवा, डॅशबोर्डवरचा त्याचा दिवा विझला की मगच सेल्फ मारा. गाडी निघताना रेडिएटरच्या जाळीपुढे पुठ्ठा खोचा, निम्मी जाळी झाकेल एवढाच. द्राक्षाच्या पेटीचा छान बसतो.

टेंपरेचरचा काटा मात्र बघत राहा. ऊन चढलं किंवा घाट लागला की आधी पुठ्ठा काढायचा.