अलेक्सासाठी गेम बनवताना या चुका टाळा : खेळ मध्येच का बंद पडतो आणि बरोबर उत्तर चूक का ठरते

अॅमेझॉनच्या अलेक्सासारख्या स्मार्ट स्पीकरसाठी बोलून खेळायचे गेम बनवणाऱ्या नव्या कंपनीकडे दोन तक्रारी हमखास येतात : गेम आपोआप बंद होतो, आणि बरोबर उत्तर दिले तरी ते चूक धरले जाते. दोन्ही वेळा पहिला संशय यंत्राच्या कानांवर घेतला जातो. पण बहुतेकदा दोष आवाज ओळखण्यात नसून संभाषणाच्या आखणीत असतो, कारण गेमची कल्पना मनातल्या मनात मोबाइलच्या पडद्यावरच केलेली असते. पडद्यावर खेळणारा विचार करीत बसला तरी बटणे जागची हलत नाहीत, तर आवाजाच्या गेममध्ये वाट पाहण्याचा वेळही मोजूनच मिळतो.

गेम मध्येच बंद होणे

अलेक्साचे बोलणे संपले की ती उत्तरासाठी साधारण ८ सेकंद ऐकते. उत्तर आले नाही तर तुम्ही दिलेला रीप्रॉम्प्ट, म्हणजे आठवण करून देणारे वाक्य, एकदा ऐकवते, पुन्हा तेवढाच वेळ थांबते आणि मग सेशन, म्हणजे चालू असलेला संवाद, संपवते. प्रश्नमंजूषेतला अवघड प्रश्न, त्यावर आजोबा आणि नातवात झालेली चर्चा आणि मग एकमताने ठरलेले उत्तर एवढे सगळे या वेळात बसत नाही. येथे पहिली चूक अशी होते की रीप्रॉम्प्ट रिकामा ठेवला जातो किंवा त्यात प्रश्न जसाच्या तसा पुन्हा घातला जातो. त्याऐवजी त्यात एखादा छोटा सुगावा द्यावा आणि ‘थांब’ म्हटल्यास आणखी वेळ मिळेल असे सांगावे. ‘थांब’, ‘एक मिनिट’, ‘विचार करतोय’ या बोलण्यासाठी वेगळा इंटेंट, म्हणजे बोलण्याचा हेतू ओळखणारा कप्पा, करून त्याच्या उत्तरादाखल काही सेकंदांचे संगीत वाजवावे. संगीत हा प्रतिसादाचाच भाग असल्याने ते संपल्यावर ऐकण्याची मुदत नव्याने सुरू होते. या एका सोयीने निम्मा त्रास कमी होतो, असे माझे मत आहे.

दुसरी चूक प्रतिसादातल्या सेशन चालू ठेवण्याच्या खुणेची. मदतीचा मजकूर, गुणांची माहिती किंवा ‘पुन्हा सांग’ याचे उत्तर देताना ती खूण राहून जाते आणि मदत मागणारा खेळाडूच गेमबाहेर फेकला जातो. उलट, सेशन उघडे ठेवून शेवटी काहीच न विचारणेही चुकीचे आहे. खेळणाऱ्याला आपली पाळी आली हे कळतच नाही आणि अशी स्किल, म्हणजे अलेक्सावरचे अॅप, अॅमेझॉनच्या प्रमाणीकरणाच्या तपासणीतही परत येऊ शकते. प्रत्येक प्रतिसाद एक तर प्रश्नाने संपावा, नाही तर निरोपाने.

गुण साठवण्याचे काम सेशनच्या शेवटावर कधीही सोपवू नये. खेळाडू गप्प राहिल्यामुळे सेशन संपले तर तुमच्या कोडला तशी सूचना मिळते, पण त्या वेळी काहीही बोलता येत नाही, आणि वायफाय तुटले तर त्या सूचनेवरही भिस्त ठेवता येत नाही. म्हणून प्रत्येक उत्तरानंतर डेटाबेसमध्ये नोंद करावी. येथे आणखी एक खाचखळगा आहे : अलेक्सा देत असलेला वापरकर्त्याचा क्रमांक खात्याचा असतो, व्यक्तीचा नव्हे, त्यामुळे घरातल्या सर्वांचे गुण एकाच नावावर जमा होतात; शिवाय कोणी स्किल बंद करून पुन्हा सुरू केली तर तो क्रमांक बदलतो आणि जुने गुण दिसेनासे होतात. खेळाच्या सुरुवातीला ‘किती जण खेळणार?’ असे विचारून पाळ्या लावणे हा साधा उपाय येथे पुरतो.

बरोबर उत्तर चूक ठरणे

उत्तरांसाठी स्वतःची यादी असलेला स्लॉट, म्हणजे बोलण्यातला नेमका शब्द टिपणारी जागा, केला की अलेक्सा त्या यादीतलेच शब्द परत देईल, हा समज चुकीचा आहे. ती यादी केवळ दिशा दाखवते. ऐकलेला शब्द यादीबाहेरचा असला तरी तो तुमच्या कोडपर्यंत पोहोचू शकतो. त्यामुळे ‘कोल्हापूर’ या उत्तराच्या जागी ‘कोला पुर’ आले आणि कोडने अक्षरशः तुलना केली, तर खेळाडूवर अन्याय झालाच म्हणून समजा. तुलना ऐकू आलेल्या मजकुराशी न करता, यादीशी जुळवून मिळालेल्या ओळखक्रमांकाशी करावी आणि प्रत्येक उत्तराचे पर्यायी उच्चार समानार्थी शब्द म्हणून भरावेत. याहून परिणामकारक सोय म्हणजे त्या त्या प्रश्नापुरती उत्तरे सेशनमध्येच पाठवणे. समानार्थी शब्द धरून अशा १०० नोंदी एका वेळी देता येतात, आणि प्रश्नमंजूषेसाठी त्या भरपूर होतात.

मराठी घरांसाठी गेम करणाऱ्यांना हा मुद्दा अधिकच भोवतो. अलेक्साच्या स्किलसाठी भारतीय इंग्रजी आणि हिंदी उपलब्ध आहेत, मराठी नाही. हिंदी गेममध्ये नाशिकच्या मुलाने ‘पच्चीस’ऐवजी ‘पंचवीस’ म्हटले, तर अंकांसाठीचा तयार स्लॉट ते भरवशाने ओळखेलच असे नाही. उत्तरे ठरलेली असतील तर मराठी रूपेही यादीत घालावीत. शिवाय माणसे एका शब्दात उत्तर देत नाहीत. ती ‘बहुतेक सातारा’, ‘नाही नाही, सांगली’ असे बोलतात. असे नमुने इंटेंटमध्ये नसतील तर उत्तर भलत्याच इंटेंटकडे जाते. समजलेच नाही अशा वेळी ‘चूक’ म्हणू नये आणि पाळीही खर्ची घालू नये, ‘नीट ऐकू आले नाही, पुन्हा सांगाल का?’ असे विचारावे.

स्किलच्या प्रतिसादात अडचण असल्याचा संदेश

हा संदेश ऐकू आला की आधी दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली म्हणजे वेळ : अलेक्सा प्रतिसादासाठी ८ सेकंद थांबते, पण लॅम्डा फंक्शनची (तुमचा कोड अॅमेझॉनच्या सर्व्हरवर चालवणाऱ्या सोयीची) मुदत बदललेली नसेल तर ते ३ सेकंदांतच बंद पडते. बराच वेळ कोणी न खेळल्यावर फंक्शन थंड पडते आणि पहिल्या हाकेला उशीर होतो, म्हणून ही चूक सकाळी दिसते आणि दुपारी गायब होते. दुसरी म्हणजे मजकूर : प्रश्नात ‘जम्मू & काश्मीर’ असे लिहिलेले असेल तर ते एकच चिन्ह संपूर्ण प्रतिसाद मोडते, कारण बोलण्याचा मजकूर एक्सएमएल या खुणांच्या भाषेच्या नियमांनी वाचला जातो. ‘आणि’ लिहिले की प्रश्न मिटतो.

ध्वनिफितींबाबत थोडक्यात सांगायचे तर फाइल एमपी३ स्वरूपात, ४८ केबीपीएसची आणि एचटीटीपीएस पत्त्यावर असावी, आणि एका प्रतिसादात ५ पेक्षा जास्त फिती नसाव्यात. टाळ्या, शिट्टी आणि ढोल एकाच वाक्यात कोंबण्याचा मोह आवरावा.

चाचणी आणि मंचावरचे अवलंबित्व

डेव्हलपर कन्सोलमध्ये उत्तरे टाइप करून केलेली चाचणी आवाज ओळखण्याचा टप्पा पूर्णपणे वगळते, त्यामुळे तिच्यावर विसंबून राहणे घातक आहे. मिक्सर चालू असताना, टीव्हीवर बातम्या लागलेल्या असताना आणि सहा-सात वर्षांच्या मुलांकडून खेळून घेतल्याशिवाय गेम प्रसिद्ध करू नये. मात्र मुलांचा आवाज किंवा माहिती साठवण्याच्या भानगडीत पडू नये. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक धरली आहे आणि तिची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते.

गुगलने असिस्टंट या सहायकावरील संवादी अॅक्शन्स (स्किलसारखी बोलून वापरायची अॅप्स) १३ जून २०२३ रोजी बंद केल्या आणि त्यावर बनवलेले गेम त्याच दिवशी निकामी झाले. उत्तर तपासणे, गुण देणे आणि पुढचा प्रश्न निवडणे हे काम करणारा कोड म्हणूनच अलेक्साच्या विनंतीपासून वेगळ्या फाइलमध्ये ठेवावा. तसे केले तर उद्या तोच गेम टीव्हीवर न्यायचा झाल्यास फक्त ऐकण्या-बोलण्याचा थर नव्याने लिहावा लागतो.