शार्लोटनलुंडच्या तंबूतून कोपनहेगन, सायकलवर

कोपनहेगन सपाट आहे, त्यामुळे पायांची काळजी नको. नवख्यांची फजिती होते ती ब्रेक आणि वळणं यांत, म्हणून आधी तेच.

शार्लोटनलुंड हे शहराच्या उत्तरेचं उपनगर. तिथला तंबूंचा कॅम्प समुद्राकाठच्या 1880 च्या दशकातल्या जुन्या किल्ल्यात आहे. तिथून शहराचा मध्य सात-आठ किलोमीटर. भाड्याने सायकल घेताना पुढच्या चाकाला हाताचा ब्रेक आहे ना, ते बघा. कारण मागचा ब्रेक बऱ्याचदा पायडलमध्येच असतो: उलटं पायडल मारलं की चाक थांबतं. चेन उतरली की तो ब्रेक गेला, मग पुढचाच आधार. शिवाय सिग्नलला थांबल्यावर पायडल मागे फिरवून वर आणता येत नाही. उजवं पायडल थोडं वर आणि पुढे असतानाच थांबायची सवय लावा. चुकलंच तर सीट धरून मागचं चाक उचला आणि पायडल पुढे फिरवा. गिअर हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) आत असतील तर बदलताना क्षणभर पाय थांबवा, नाहीतर कडकड आवाज येतो आणि गिअर नीट बसत नाही. सोबत पंप असेल तर तो त्या वाल्वला बसतो का, ते दुकानातच बघा.

सायकलमार्ग रस्त्याच्या उजव्या कडेला. आपली डावीकडून चालवायची सवय सरळ रस्त्यावर लवकर मोडते, पण चौकात वळल्यावर हमखास परत येते. मार्गावर उजवीकडे राहा, पुढे जायचं तर डावीकडून. वळायचं त्या बाजूचा हात आडवा करा. थांबायचं असेल तर हात कोपरात दुमडून तळवा वर उचला. हात न दाखवता थांबलात तर मागचा येऊन आदळतो, आणि चूक तुमचीच.

डावीकडे वळणं दोन टप्प्यांत. मोटारींबरोबर चौकाच्या मध्यात जायचं नाही. हिरव्यावर सरळ पलीकडे जा, उजव्या कोपऱ्याशी थांबा, सायकल वळवा आणि त्या दिशेचा सिग्नल हिरवा झाला की निघा. लाल सिग्नलला उजवीकडे वळणंही बंद, तशी पाटी असेल तरच मुभा. उजवीकडे वळणाऱ्या ट्रकच्या शेजारी कधीच उभं राहू नका. ड्रायव्हरला तुम्ही दिसत नाही.

बसथांब्यावर नीट बघा. प्रवासी थेट सायकलमार्गावर उतरत असतील तर थांबायचं तुम्ही. बस आणि मार्गामध्ये उतरायला वेगळा ओटा असेल तर थांबायचं त्यांनी, तरी वेग कमी ठेवलेला बरा.

वाट सोपी आहे. स्ट्रान्डवायन या रस्त्याने दक्षिणेला, हेलेरुप ओलांडून ऑस्टरब्रोगाडे या रस्त्याने ऑस्टरपोर्ट स्टेशनकडे. कास्टेलेट या जुन्या किल्ल्याच्या तटबंदीबाहेर सायकल कुलूपबंद करून लिटल मर्मेडचा (जलपरीचा) पुतळा बघा, मग न्यूहाउनचा जुना धक्का. तिथून बंदरावरच्या इंडरहाउन्स पुलाने पलीकडे क्रिस्टियन्सहाउनला. हा पूल 2016 चा, बोटींसाठी सरकून उघडतो. त्यावरचा मार्ग मध्येच नागमोडी होतो, तेव्हा उतारावर ब्रेकवर बोटं ठेवा. पुढे इस्लान्स ब्रुगेला बंदरातच पोहायची सोय आहे. टॉवेल पिशवीत टाका, इथे थांबणं सार्थकी लागतं. मग ब्रुगेब्रो पूल आणि 2014 चा सिकलस्लांगन हा फक्त सायकलींचा, पाण्यावरून वळत जाणारा नारिंगी पूल. स्ट्रोयेट या पादचारी रस्त्यावर मात्र सायकल हातात धरून चाला.

वारा बहुधा नैऋत्येकडून, म्हणजे जाताना समोरून आणि परतताना पाठीशी. उलटा निघाला किंवा पाऊस लागला तर एस-ट्रेनमध्ये (तिथल्या लोकलमध्ये) सायकल फुकट नेता येते. सायकलचं चित्र असलेल्या दारातून चढा. गर्दीच्या वेळी नॉरेपोर्ट स्टेशन टाळा, ऑस्टरपोर्टला चढा.

जूनअखेर सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो आणि नंतरही बराच वेळ उजेड राहतो, त्यामुळे दिवे लावायचे राहून जातात. सूर्यास्तानंतर पुढे पांढरा, मागे लाल दिवा सक्तीचा आहे. कॅम्पवरून निघण्यापूर्वीच दिवे चार्ज करून ठेवा. रात्री तंबूशेजारी सायकल नुसती चाकाच्या कुलपावर सोडू नका. ती तशीच उचलून नेता येते. कुलपाची साखळी घेऊन एखाद्या खांबाला बांधा.