गावच्या कबड्डी स्पर्धेत पंचांचं मानधन: आधी हिशेब, मग बक्षीस

दिवाळीनंतर सोयाबीन विकून झालं की गावोगावच्या मंडळांची बैठक बसते. पहिला आकडा ठरतो बक्षिसाचा, मग मंडप, लाईट, साऊंड. पंचांचा विषय शेवटी निघतो, तोही "पाहू ना, देऊ काही तरी" एवढ्यावर मिटतो. मग फायनलच्या रात्री दोन वाजता पंचांच्या हाती शाल, श्रीफळ आणि सांगितल्यापेक्षा पातळ पाकीट पडतं. शाल-श्रीफळ जरूर द्यावं, पण मानधनाच्या बदल्यात नाही. पॅम्प्लेट छापायच्या आधीच पंचांचा खर्च काढा आणि उरलेल्या पैशातून बक्षीस ठरवा.

सुरुवात सामने मोजण्यापासून करा. बाद पद्धतीत जितके संघ, त्यापेक्षा एक सामना कमी. २४ संघ असतील तर २३ सामने, तिसऱ्या क्रमांकासाठी एक धरला तर २४. पहिल्या रात्री ८, दुसऱ्या रात्री ८, तिसऱ्या रात्री उपउपांत्यपासून फायनलपर्यंत ८, असं हे एका मैदानावर नीट बसतं. पुरुषांचा सामना नियमाने २०-५-२० मिनिटांचा. वेळ वाचवायला १५-५-१५ ठेवला तरी ३५ मिनिटं खेळ आणि मध्यंतराची झाली. त्यात प्रत्येक संघाचे प्रत्येक डावात अर्ध्या मिनिटाचे दोन टाइमआऊट, नाणेफेक, संघ मैदानात उतरणं, एखादी दुखापत. म्हणून एका सामन्याला ५० मिनिटं धरा. आठ सामन्यांना ६ तास ४० मिनिटं लागतात. सहाला सुरू केलं तर पाऊण वाजेपर्यंत आटोपतं.

एका सामन्याला सहा माणसं लागतात: एक सरपंच (गावचा नव्हे, सामन्याचा मुख्य पंच), दोन पंच, एक गुणलेखक आणि दोन सहाय्यक गुणलेखक. शेवटचे दोघं मंडळांना हमखास जास्तीचे वाटतात आणि तिथे गावातली दोन पोरं बसवली जातात. बाद खेळाडू ज्या क्रमाने बाहेर गेले त्याच क्रमाने आत येतात. हा क्रम चुकला की लोणाचा, म्हणजे अख्खा संघ बाद होण्याचा, हिशेब बिघडतो आणि भांडण थेट मैदानात उतरतं. त्या खुर्च्यांवरही पंच परीक्षा पास झालेलेच लोक हवेत.

रात्रीचे ८ सामने आणि प्रत्येकी ६ जागा म्हणजे ४८ पाळ्या. एका माणसाने रात्रीत पाचपेक्षा जास्त सामने करू नयेत. सहाव्या सामन्यात पाय जड होतात, नजर रेषेवरून सुटते, बोनस गुण घेताना चढाईपटूने पाय उचलला होता की नाही हे दिसत नाही. म्हणून दहा माणसं, वर एक पंचप्रमुख, असे अकरा. सहा जणांवर अख्खी स्पर्धा काढणारं मंडळ पैसे वाचवत नाही, आपलीच फायनल धोक्यात घालतं.

दर सामन्यावर ठरवायचा की रात्रीवर? रात्रीवरच ठरवा. बाहेरगावचे संघ ऐनवेळी येत नाहीत, समोरच्या संघाला न खेळताच पुढे चाल द्यावी लागते, सामने घटतात. पंचाची रात्र मात्र गेलेली असते. दर किती, याला गावातलंच माप लावा: मंडपवाल्याच्या ज्या माणसाला रात्रभर लाईट सांभाळायला ठेवता, त्याच्या एका रात्रीच्या मजुरीपेक्षा पंचाचा दर कमी नको. सरपंच, पंच, गुणलेखक सगळ्यांना सारखाच दर ठेवा, कारण पाळ्या फिरत असतात आणि जागरण सारखंच असतं. पंचप्रमुखाला थोडं जास्त, कारण वाद त्याच्याच टेबलावर येतात.

उदाहरणासाठी पंचाला रात्रीचे ९०० आणि प्रमुखाला १,२०० रुपये धरू. दहा जणांचे तीन रात्रींचे २७,००० आणि प्रमुखाचे ३,६००, म्हणजे मानधन ३०,६००. प्रवास वेगळा. तालुक्याचं ठिकाण ३५ किलोमीटरवर, दोघांत एक दुचाकी म्हणजे सहा गाड्या, जाऊन-येऊन ७० किलोमीटर, किलोमीटरला ४ रुपये. एका रात्रीचे १,६८०, तीन रात्रींचे ५,०४०. जेवण माणशी १२० रुपयांनी ३,९६०. एकूण ३९,६००, म्हणजे रात्रीला १३,२००.

आता हा पैसा आणायचा कुठून? प्रवेश फी १,००० ठेवली तर २४ संघांचे २४,००० येतात. उरले १५,६००. पहिलं बक्षीस ५१ हजारांवरून ४१ आणि दुसरं ३१ वरून २५ केलं तर १६,००० सुटतात, झालं काम. बक्षीस कमी करायचं नसेल तर दात्याकडे जा. उत्कृष्ट चढाईपटूची ट्रॉफी द्यायला गावात तीन-तीन जण तयार असतात. त्यांच्यातल्या एकाला "एका रात्रीचं पंच मानधन तुमच्यातर्फे" असं सांगा आणि माईकवरून त्याचं नाव घ्या. मात्र नुसत्या शब्दावर हिशेब उभा करू नका. पैसे हाती आल्यावरच वहीत मांडा.

एक प्रथा बंदच करा: सामन्याआधी दोन्ही संघांकडून पंचांसाठी शंभर-शंभर गोळा करण्याची. पंचाचा पैसा खेळणाऱ्या संघाच्या हातून मैदानावर आला की त्याच्या प्रत्येक निर्णयावर संशय येतो. पैसा मंडळानेच द्यायचा.

पंच मागवायचं पत्र जिल्हा कबड्डी संघटनेला किमान पंधरा दिवस आधी द्या. बरेच पंच शाळेत क्रीडाशिक्षक असतात, त्यांना रजा मांडावी लागते. पत्रात गुळमुळीत नको, साधं लिहा: "दि. … ते …, रोज सायं. ५.३० वाजता हजेरी. ११ पंच. मानधन प्रति रात्र रु. ९००, पंचप्रमुख रु. १,२००. प्रवास प्रति कि.मी. रु. ४ प्रति दुचाकी. जेवण व मुक्काम मंडळाकडे. रात्री १ नंतर सुरू होणाऱ्या प्रत्येक सामन्याला प्रत्येकी रु. १५० जादा." खाली अध्यक्ष आणि कोषाध्यक्ष, दोघांच्या सह्या. संघटनेची फी असेल तर ती वेगळी भरा, पंचांच्या मानधनातून कापू नका.

ते १५० रुपये का? उद्घाटनाचे पाहुणे नऊला येतात, सहाचा सामना साडेनऊला सुरू होतो आणि शेवटचा संपायला पहाटेचे चार वाजून जातात. उशीर मंडळाचा, तर भारही मंडळाने उचलावा.

अवकाळी पावसाचंही आधीच ठरवून ठेवा. दुपारी बारापर्यंत कळवलं तर काही देणं नाही. पंच घरून निघाल्यावर रद्द झालं तर अर्धं मानधन आणि पूर्ण प्रवास. एक जरी सामना सुरू झाला तर पूर्ण रात्र. जानेवारीत पाऊस नसला तरी दवाने मॅट निसरडी होते आणि पुसण्यात वेळ जातो. तो वेळही पंचांच्या रात्रीतलाच.

रात्री एकला पंचांना दुचाकीवर परत पाठवू नका. रस्त्यावर रोही (नीलगाई) आणि रानडुकरं आडवी येतात, आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात तर हा विचारच सोडा. जिल्हा परिषद शाळेची खोली, सतरंज्या, ब्लँकेट, पाणी एवढी सोय पुरते. मुक्काम झाला की दुसऱ्या-तिसऱ्या रात्रीचा प्रवासखर्च वाचतो, तोच पैसा चहा-नाश्त्याला वापरा. महिला पंच असतील तर त्यांना वेगळी खोली, आतून कडी, जवळ स्वच्छतागृह. त्यांना एकटीला बोलावू नका, किमान दोघी असू द्या.

पैसे रोजच्या रोज द्या. वहीत रकाने आखा: नाव, हजेरीची वेळ, केलेले सामने, मानधन, प्रवास, जादा, एकूण, सही. प्रत्येकाचं पाकीट वेगळं, एकत्र रक्कम प्रमुखाच्या हातात नको. मोबाईलवरून पाठवायचे असतील तर गावात गर्दीच्या रात्री नेटवर्क बसतं हे लक्षात ठेवून थोडी रोख जवळ ठेवा. फायनलच्या रात्रीचं पाकीट मात्र उपांत्य सामन्यांच्या आधीच द्या. निकाल लागल्यावर पैसे अडकवून कोणी पंचावर दबाव आणू शकत नाही आणि हरलेल्या संघाच्या गोंधळात पंचांना कोषाध्यक्ष शोधत फिरावं लागत नाही. जादा सामन्यांची रक्कम तेवढी शेवटी.

निर्णय चुकला म्हणून मानधन कापायचं नाही. तक्रार असेल तर गुणपत्रिकेची प्रत जोडून लेखी स्वरूपात जिल्हा संघटनेकडे द्या. त्या पंचाला पुढे कोणते सामने द्यायचे, हे संघटना ठरवेल.