बिअरचे यीस्ट साठवण्याची आणि पुन्हा वापरण्याची रीत

घरी केलेली बिअर बाटल्यांत भरून झाली की फर्मेंटरच्या, म्हणजे बिअर आंबवण्याच्या भांड्याच्या, तळाशी दाट, मलईच्या रंगाचा साका उरतो. त्यात पुढच्या खेपेला पुरून उरेल इतके जिवंत यीस्ट असते.

मात्र प्रत्येक बिअरचा साका जपण्याच्या लायकीचा नसतो. मद्यांश सात टक्क्यांच्या पुढे गेला असेल किंवा हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुले) सढळ हाताने घातलेले असतील, तर यीस्ट थकलेले असते आणि ते पुन्हा कामाला लावू नये. फिकट, सौम्य बिअरचा साका सर्वांत चांगला. तो पुढे गडद किंवा कडक बिअरसाठी वापरता येतो, पण हा क्रम उलटा करू नये. ज्या बिअरला नको असलेला आंबट वास आला किंवा जिच्यावर पांढरी साय धरली, तिचा साका बिनदिक्कत फेकून द्यावा.

साका बिअर काढल्या दिवशीच गोळा करावा. तळाशी थोडी बिअर राहू द्यावी, फर्मेंटर हलकेच फिरवून साका पातळ करावा आणि निर्जंतुक केलेल्या बरणीत ओतावा. बरणी आधी स्वच्छ धुवावी आणि मगच सॅनिटायझरने भिजवावी, कारण मळाच्या थराखाली दडलेल्या जंतूंपर्यंत सॅनिटायझर पोहोचत नाही. बरणी दोनतृतीयांशच भरावी आणि झाकण सैल ठेवावे. यीस्ट थंडीतही थोडा कार्बन डायऑक्साइड सोडत राहते, आणि घट्ट बंद केलेली काचेची बरणी त्या दाबाने फुटू शकते.

उकळून गार केलेल्या पाण्याने साका धुवावा, असे पुष्कळांचे मत आहे. माझ्या मते घरगुती कामात त्याची गरज नाही. बिअरचा पीएच साधारण ४ ते ४.५ असतो, शिवाय तिच्यात मद्य आणि हॉप्सचे कडू घटक असतात, त्यामुळे बहुतेक जंतूंना ती मानवत नाही. पाण्याने धुताना हे संरक्षण आपणच काढून टाकतो, आणि या भांड्यातून त्या भांड्यात ओतताना बाहेरचे जंतू शिरण्याची संधी वाढते ती वेगळीच. साक्यात राहिलेला हॉप्सचा आणि प्रथिनांचा थोडाफार गाळ पुढच्या बिअरला बाधत नाही.

बरणी फ्रिजमध्ये १ ते ४ अंश सेल्सिअसला ठेवावी. ती गोठू देऊ नये, कारण ग्लिसरीनसारखा संरक्षक घटक नसेल तर बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात. फ्रिजमध्येही यीस्ट आपल्याजवळचा ग्लायकोजेनचा साठा हळूहळू संपवत असते, म्हणून बरणीवर यीस्टची जात, तारीख आणि कितवा वापर हे लिहून ठेवावे आणि शक्यतो दोन आठवड्यांच्या आत साका वापरावा.

किती घालावा, याचा हिशोब ढोबळच असतो. वर्ट म्हणजे आंबवण्याआधीचा माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या जवाचा) गोड काढा, आणि त्यातल्या साखरेचे प्रमाण प्लेटो अंशांत मोजतात. एल, म्हणजे उबदार तापमानाला आंबवलेल्या, बिअरसाठी वर्टच्या दर मिलिलिटरला, दर प्लेटो अंशामागे, साडेसात लाख पेशी धरतात. थंडीत आंबवल्या जाणाऱ्या लागरसाठी त्याच्या दुप्पट. १२ अंश प्लेटोच्या २० लिटर एलला त्यामुळे सुमारे १८ हजार कोटी पेशी लागतात, आणि दाट, ताज्या साक्याच्या एका मिलिलिटरमध्ये अंदाजे शंभर कोटी पेशी धरल्या, तर २०० मिलिलिटर पुरे होतात. सगळ्या साक्यावरच नवे वर्ट ओतण्याचा सोपा मार्ग मला पसंत नाही, कारण गरजेपेक्षा फार जास्त यीस्ट पडले की त्याची नवी वाढ कमी होते आणि त्या वाढीबरोबर येणारे स्वादही उणे पडतात.

साका दोन आठवड्यांपेक्षा जुना असेल, तर आधी स्टार्टर करावा, म्हणजे थोड्या वर्टमध्ये यीस्ट जागे करून वाढवून घ्यावे. लिटरभर पाण्यात १०० ग्रॅम कोरडा माल्ट अर्क पंधरा मिनिटे उकळून वीस-बावीस अंशांपर्यंत गार करावा, साक्यावरची जुनी बिअर ओतून टाकून साका त्यात मिसळावा आणि एक-दोन दिवस मधूनमधून ढवळत राहावे. हे वर्ट आयत्या वेळीच करावे. आधी उकळून खोलीच्या तापमानाला बंद बरणीत ठेवू नये, कारण बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जंतूंचे बीजाणू साध्या उकळण्याने मरत नाहीत.

पाचेक वापरांनंतर नवे यीस्ट आणलेले बरे. दर वेळी तळाचाच साका घेतला तर लवकर बसणाऱ्या पेशी निवडल्या जातात आणि बिअर पुरती आंबण्याआधीच यीस्ट खाली बसू लागते. पण वापरांच्या आकड्यापेक्षा नाकावर विश्वास ठेवावा: चांगल्या साक्याला ताज्या पावाचा वास येतो, तर रंग तपकिरी होऊन मांसाच्या रश्श्यासारखा किंवा रबरासारखा वास आला की पेशी मरून फुटू लागल्या आहेत असे समजावे. वास ठीक वाटला तरी वर साचलेल्या बिअरचा एक थेंब चाखावा, आणि तो आंबट लागला तर त्या बरणीवर वर्ट खर्ची घालू नये.