कार्डं करताय? एका कार्डावर एकच प्रश्न ठेवा

राज्यसेवेची तयारी सुरू केली की सगळे सांगतात, 'रिव्हिजन कर.' कधी करायची, हे कुणी सांगत नाही. क्लासचे सर 'तीनदा वाचा' म्हणतात आणि पोरं एकाच आठवड्यात तीनदा वाचून मोकळी होतात. तेच वाचन दुसऱ्या दिवशी, मग चार-पाच दिवसांनी, मग पंधरवड्याने, मग दीडेक महिन्याने असं पसरलं तर कितीतरी जास्त टिकतं. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने विसरण्याचा वेग मोजून 1885 मध्येच छापला होता, म्हणजे यात नवं काही नाही. पुस्तक मिटून आठवायचं, हायलायटरवरून नजर फिरवायची नाही, हेही तुम्हाला माहीत असेलच.

खरा घोळ उजळणीची कार्डं (पुढे प्रश्न, मागे उत्तर) बनवताना होतो. मी ती अँकी ॲपवर करतो. उत्तर बघून आपण 'अगेन' (नाही आठवलं), 'हार्ड' किंवा 'गुड' असं बटण दाबायचं, त्यावरून ॲप ते कार्ड पुन्हा कधी दाखवायचं ते ठरवतं. माझ्या कार्डाच्या पुढे असायचं '73वी घटनादुरुस्ती' (पंचायत राजची) आणि मागे अख्खं पान: 24 एप्रिल 1993 पासून लागू, भाग 9, अकरावी अनुसूची, 29 विषय, वित्त आयोग 243 आय, निवडणूक आयोग 243 के. आता बघा काय होतं. सहापैकी चार गोष्टी आठवतात. 'अगेन' दाबायला हात धजत नाही, कारण बरंचसं आलेलं असतं. म्हणून 'गुड' दाबतो आणि कार्ड महिनाभर पुढे जातं. न आठवलेल्या दोन गोष्टीही त्याच्यासोबत जातात. महिन्याने परत तेच चार आठवतात. येतं तेच पक्कं होत राहतं, आणि ॲप दाखवतं की सगळं छान चाललंय. पेपरात मात्र 243 आय (पंचायतींचा वित्त आयोग) आणि 243 वाय (नगरपालिकांचा) शेजारी-शेजारी पर्यायांत बसलेले असतात, वर निगेटिव्ह मार्किंग.

म्हणून त्या एका कार्डाची सहा करा. 73वी आणि 74वी (नगरपालिकांची) एकमेकींत मिसळत असतील, तर नुसत्या फरकाची वेगळी कार्डं करा: अकराव्या अनुसूचीत 29 विषय, बाराव्या अनुसूचीत 18. आणि 'हार्ड' म्हणजे कष्टाने का होईना, आठवलं. नाहीच आठवलं तर 'अगेन'. इथे स्वतःला सवलत देऊ नका.

टेलिग्रामवर फिरणारे तयार डेक, म्हणजे कार्डांचे संच, घेऊ नका. दुसऱ्याची कार्डं म्हणजे न वाचलेल्या धड्याचं पाठांतर. टॉपरच्या नोट्सबद्दलही माझं हेच मत आहे, कुणाला राग आला तरी. गणिताची कार्डं करायचीच नाहीत, तिथे उदाहरणंच सोडवावी लागतात.

अँकी अँड्रॉइडवर फुकट आहे. फोन हातात आला की रील्स सुरू होत असतील, तर जुन्या लग्नपत्रिका कापून चिठ्ठ्या करा आणि खोक्यात पाच कप्पे. बरोबर आलं की पुढचा कप्पा, चुकलं की थेट पहिला. पुढचे कप्पे जास्त अंतराने उघडायचे. ही लाइटनर या जर्मन पत्रकाराची जुनी पद्धत आहे आणि ती उत्तम चालते.

सुरुवातीला रोज दहाच नवी कार्डं घ्या. वीस घेतलीत की काही आठवड्यांत रोजची उजळणी शंभर-दीडशेच्या घरात जाते आणि माणूस ॲपच उडवतो. गणपतीत गावी जाऊन आलात आणि पाचशे कार्डं साचलेली दिसली, तर घाबरू नका, सगळ्यांचं होतं. डेक पुसू नका. नवी कार्डं शून्यावर आणा, रोज झेपतील तेवढी जुनी काढा. आठ-दहा दिवसांत ताळ्यावर येतं. तोवर टेस्ट सिरीजचे मार्क थोडे पडतील, ते पडू द्या.